नवव्या दिवशी घेतलेली सही : कर्जवसुली विभागांना खुलं पत्र

प्रति,
वसुली विभाग प्रमुख,
राज्यातल्या सर्व बँका, पतसंस्था आणि फायनान्स कंपन्या

स. न. वि. वि.

वडील जाऊन नववा दिवस होता. मी मृत्यूच्या दाखल्यासाठी नगरपालिकेत रांगेत उभी होते, भाऊ दहाव्याच्या धावपळीत होता आणि घरी आई एकटी होती. त्या दुपारी एका फायनान्स कंपनीचा माणूस आला. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, बाबांच्या फोटोला हात जोडले, दिलेलं पाणी घेतलं. तो उद्धट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. वसुलीवाला म्हटलं की दमदाटी करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, पण आमच्या घरी आलेला माणूस शांत आवाजात बोलत होता. त्याने बॅगेतून तीन पानं काढली. "काकू, साहेब गेल्याची फाइलला नोंद करायची आहे, तेवढ्यापुरती सही द्या," असं तो म्हणाला. आईने सही दिली.

अडीच महिन्यांनी नोटीस आली. 'आपण लेखी दिलेल्या हमीनुसार' २,८३,००० रुपये व्याजासह भरावेत, असं तीत म्हटलं होतं. सोबत त्या तीन पानांची झेरॉक्स होती. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत 'माझ्या पतीच्या कर्जाची संपूर्ण थकबाकी फेडण्याची जबाबदारी मी स्वीकारत आहे' असं वाक्य होतं आणि त्याखाली आईची सही. सही करताना सवयीने तिने आधी 'सौ.' लिहिलं होतं. मग लक्षात आल्यावर त्यावर दोन रेघा ओढून पुढे 'श्रीमती' लिहिलं होतं. अठ्ठावीस वर्षांची सवय होती ती. पेन तिथे थबकल्याचा शाईचा ठिपका झेरॉक्समध्येसुद्धा दिसत होता. जिचा हात अजून 'सौ.' लिहीत होता, तिच्याकडून तुमच्या क्षेत्रातल्या एका कंपनीने पावणेतीन लाखांची हमी घेतली.

हे पत्र कर्जमाफी मागण्यासाठी नाही. कर्ज घेतलं की ते फेडायचं, हे आमच्या घरात आम्हाला शिकवावं लागलं नाही. पतसंस्थेत ठेव ठेवणारी माणसंही आमच्यासारखीच असतात, त्यांचा पैसा बुडावा असं मला वाटत नाही. माझं मागणं एकच आहे. कर्जदार गेल्यावर तुमचा माणूस घरी पहिल्यांदा जाईल तेव्हा त्याने कोणाचीही सही घेऊ नये. उलट तुमच्या सहीशिक्क्याचा एक कागद त्या घरात द्यावा. त्या कागदात काय असावं ते शेवटी लिहिलं आहे. तो का हवा, ते आधी सांगते.

कर्जदार मेला म्हणून कर्ज मरत नाही, हे खरं. पण ते त्याच्या बायकोच्या किंवा मुलांच्या अंगावरही आपोआप येत नाही. ते त्याच्या मालमत्तेवर राहतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० तुमच्या प्रत्येक विधी विभागाला पाठ असेल : मयताची जी मालमत्ता वारसाच्या हाती आली आणि जिची रीतसर विल्हेवाट लागलेली नाही, तेवढ्यापुरताच वारस जबाबदार. बापाने पाच लाखांचं कर्ज आणि दीड लाखाची चीजवस्तू मागे ठेवली, तर तुम्हाला मागता येतात ते दीड लाख. उरलेले साडेतीन लाख मुलीच्या पगारातून मागता येत नाहीत. ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे तिने स्वतः शब्द दिलेला असतो. घर किंवा गाडी तारण असेल तर त्या वस्तूवरचा तुमचा हक्कही तसाच राहतो. वारसांना ती ठेवायची असेल तर हप्ते भरावे लागतील. यातलं काहीच मी नाकारत नाही.

पण तुमची माणसं घरात येऊन हे सांगत नाहीत. ती सांगतात, "बापाचं कर्ज मुलालाच फेडावं लागतं, कायदाच आहे तसा." असा कायदा एकेकाळी खरोखर होता. हिंदू धर्मशास्त्रात वडिलांचं ऋण फेडणं हे मुलाचं पवित्र कर्तव्य मानलं होतं आणि मुंबई इलाख्यात तर वारसाच्या हाती काही आलेलं नसलं तरी मुलगा जातीने जबाबदार धरला जाई. ते तेव्हाच्या सरकारलासुद्धा जाचक वाटलं, म्हणून १८६६ साली मुंबई इलाख्यासाठी स्वतंत्र कायदा करून वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली गेली. उरलंसुरलं २००५ मध्ये संपलं. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि त्यातलं कलम ६(४) स्पष्ट म्हणतं की केवळ त्या पवित्र कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून वडील, आजोबा, पणजोबांचं नवं कर्ज वसूल करण्याचा हक्क कोणतंही न्यायालय मान्य करणार नाही. म्हणजे १८६६ मध्ये ज्या अन्यायावर तोड निघाली, तोच तुमचा माणूस आमच्या बैठकीत बसून नव्याने सांगतो.

"बाबांच्या आत्म्याला शांती मिळू द्या, कर्ज ठेवून माणूस सुटत नाही," हे वाक्य तुमच्या फोनवरच्या मुलीने माझ्या भावाला ऐकवलं. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. महिनाभर तो झोपला नाही आणि शेवटी कॉलेज सोडून कुरिअरच्या कामाला लागायला निघाला. ते वाक्य त्या मुलीचं स्वतःचं होतं की तिला लिहून दिलं होतं, मला माहीत नाही. कोणाचंही असो, ते बंद करा. श्रद्धेच्या जोरावर केलेली वसुली दमदाटीहून खोल जखम करते, कारण दमदाटीविरुद्ध तक्रार तरी करता येते.

आता त्या सहीकडे परत येते. ती नुसती सही नसते. दिलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी दावा लावायला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी देणं मान्य असल्याचं लेखी आणि सही करून दिलं, तर मर्यादा कायदा, १९६३ च्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून पुन्हा नव्याने मुदत सुरू होते. मुदत संपलेल्या कर्जाबाबतही 'मी फेडीन' असं लेखी वचन सही करून दिलं तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५(३) मुळे ते बंधनकारक ठरू शकतं. आणि 'जबाबदारी स्वीकारत आहे' असं लिहून घेतलं, की जिच्यावर काल काहीच बोजा नव्हता तिच्याविरुद्ध दावा करायला तुमच्या हातात कागद येतो. तो टिकेल की नाही हे पुढे न्यायालय ठरवेल, पण तोवर घरातल्या माणसाची झोप उडालेली असते. तुमच्या माणसाला हे सगळं ठाऊक असतं, किमान त्याला पाठवणाऱ्याला तरी असतं. आईला ठाऊक नव्हतं. हा फरक तुम्ही वापरला, असंच मला आजही वाटतं.

आणि उलट बाजूने बघा. बाबांचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. गिऱ्हाइकांकडून त्यांचं येणं होतं ६४,००० रुपये. त्यातले ३७,००० लोकांनी आपणहून आणून दिले. बाकीच्यांवर दावा करून कोर्टाचा हुकूमनामा मिळवायचा तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २१४ प्रमाणे आम्हाला आधी उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावं लागतं : वकील, कोर्ट फी, तारखा. मयताचं येणं मागायला एवढे सोपस्कार, आणि मयताचं देणं मागायला आईची एक सही पुरी पडते. माझ्या वकील मॅडमनी हे दाखवून दिलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही.

त्याच मॅडमनी मला वहीत हिशोब मांडायला लावला. तो इथे देते, कारण तुमच्यापैकी कोणी कधी वारसांबरोबर बसून असा हिशोब केला असेल असं वाटत नाही.

वेल्डिंग मशीन, कटर, ड्रिल आणि कंप्रेसर विकून आले १,१२,००० रुपये. बाबांच्या खात्यात होते १८,४००. गिऱ्हाइकांकडून आलेले ३७,०००. एकूण १,६७,४००. राहतं घर भाड्याचं.

देणी : फायनान्स कंपनी २,८३,०००, पतसंस्था १,५०,०००, क्रेडिट कार्ड ४१,०००, आणि बाबांच्या खिशातल्या डायरीत लिहिलेले हातउसने २६,०००. बरोबर पाच लाख. याशिवाय वर्कशॉपमधल्या दोन कामगारांचा थकलेला पगार २७,०००.

आम्ही सगळे समजत होतो की जो आधी दारात येईल त्याला आधी द्यायचं. मॅडम म्हणाल्या, तसं नाही. मृत्युपत्राचा व्यवस्थापक किंवा न्यायालयाने नेमलेला प्रशासक ज्या १९२५ च्या कायद्याने चालतो, त्यात क्रम ठरलेला आहे. कलम ३२० : अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च सर्वांत आधी. मग मालमत्तेच्या कोर्टकामाचा खर्च. मग कलम ३२२ : मृत्यूच्या आधीच्या तीन महिन्यांत मयतासाठी राबलेल्या मजूर, कारागीर, घरकामगार यांची मजुरी. आणि त्यानंतर कलम ३२३ : बाकीच्या घेणेकऱ्यांत कोणीही वरचढ नाही, सर्वांना ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणात सारखंच द्यायचं. (तारण असलेलं कर्ज वेगळं, ते आपल्या तारणातून आधी वसूल होतं.) आमच्याकडे मृत्युपत्र नव्हतं, प्रशासक नव्हता, तरी हाच क्रम धरायचा असं आम्ही ठरवलं, कारण याहून न्याय्य दुसरा क्रम आम्हाला सुचत नव्हता.

दोन्ही कामगारांचा पगार आधी दिला. त्यातला एक जण पैसे घ्यायला तयारच नव्हता. "मालकच गेले, आता कसले पैसे" म्हणत होता. तो दोन महिने आपल्या पगाराबद्दल एक शब्द बोलला नव्हता आणि तेवढ्याच काळात क्रेडिट कार्डवाल्यांचे बाबांच्या मोबाइलवर दिवसाला आठ-आठ फोन येत होते. जो गप्प होता त्याला कायद्याने पुढे बसवलं आहे, हे कळल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं.

अंत्यविधीचे २२,४०० आणि पगाराचे २७,००० वजा जाता उरले १,१८,०००. पाच लाखांच्या देण्यावर रुपयाला साडेतेवीस पैशांहून थोडं जास्त. फायनान्स कंपनीच्या वाट्याला साधारण ६६,८०० रुपये. आम्ही ते हिशोबाच्या वहीच्या प्रतीसकट देऊ केले. कंपनीने आईच्या 'हमी'चा कागद पुढे केला. मॅडमनी उत्तर पाठवलं : ही सही काय आहे ते न सांगता घेतलेली, त्या बदल्यात आईला काहीही मिळालेलं नाही, आणि कलम ५० च्या पलीकडे मागणी करता येत नाही. आठ महिने गेले. मग कंपनीने रक्कम स्वीकारली, नो ड्यूजचं पत्र दिलं आणि मूळ कागद परत केला. तो शेवट चांगला झाला, कारण मला एक वकील परवडली आणि मला वाचायला वेळ होता. ज्यांना हे दोन्ही नाही त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

पतसंस्थेचं वेगळं झालं. तिथे बाबांचे मित्र, आम्ही ज्यांना काका म्हणतो ते, जामीनदार होते. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला असता तर काकांच्या पगारातून कपात सुरू झाली असती. काकांचा बाबांवर विश्वास होता, एवढाच त्यांचा दोष. म्हणून मालमत्तेतला वाटा दिल्यावर उरलेले १,१४,६०० मी आणि भावाने आमच्या कमाईतून भरले. डायरीतले हातउसनेही पूर्ण फेडले. त्यातली एक नोंद फक्त 'रिक्षावाले, ६००' अशी होती आणि तो माणूस शोधायला आठवडा गेला. हे आम्ही आमच्या खुशीने केलं. बंधन नसतानाही लोक फेडतात. पण बंधन आहे की नाही हे त्यांना आधी कळलं, तरच ती खुशी म्हणायची.

विम्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. बाबांचं पासबुक मी ओळ न ओळ वाचत होते. मे महिन्याच्या शेवटी एक नोंद होती, ४३६ रुपये. आदल्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा ४३६. कसली कपात ते कळेना. शाखेत विचारल्यावर खिडकीतल्या बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हा तर जीवनज्योतीचा हप्ता." प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. दोन लाखांचं विमा संरक्षण, वारसदार म्हणून आईचं नाव. बाबा गेल्याचं आम्ही त्याच शाखेत चार महिन्यांपूर्वी कळवलं होतं, खातं गोठवायचा अर्ज दिला होता, कर्जाची चौकशीही तिथेच केली होती. तुमचा विमा होता, दावा करा, असं कोणीही सांगितलं नाही. नियमित हप्ता कापणारं संगणकाचं तेच पान त्यांच्यासमोर उघडं होतं.

माझी सगळ्या बँकांना कळकळीची विनंती आहे. खातेदार गेल्याचं कळलं की आधी बघा : ४३६ ची नोंद आहे का, २० रुपयांची अपघात विम्याची नोंद आहे का, कर्ज देताना तुम्हीच कर्जाच्या रकमेत मिसळून कापलेला समूह विम्याचा हप्ता आहे का. तो तिसरा विमा तर कर्जच फेडण्यासाठी असतो. हप्ता तुम्ही घेतला, पॉलिसीचा नंबर तुमच्याकडे, आणि घरच्यांना त्याचा पत्ता नाही. अशा वेळी वारसाकडे थकबाकी मागायला माणूस पाठवणं मला साफ चूक वाटतं. आधी विम्याचा दावा लावा, मग काय उरतं ते बोलू.

आणि तो विम्याचा पैसा आला की त्यावर डोळा ठेवू नका. आयुर्विम्याच्या पॉलिसीतून मिळणारी रक्कम दिवाणी संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेली आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे घेतलेली पॉलिसी तर नवऱ्याच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. पीएफचंही तसंच. शेजारच्या काकूंचे यजमान कंपनीत होते, ते गेल्यावर वसुलीवाला त्यांना दर आठवड्याला विचारायचा, "पीएफ कधी येतोय?" १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यापासून पीएफला हे संरक्षण आहे की नॉमिनीच्या हाती येणारी ती रक्कम मयताच्या कर्जातून मुक्त असते. ग्रॅच्युइटीलाही १९७२ पासून जप्तीपासून संरक्षण आहे. काकूंना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी पीएफमधले चाळीस हजार आधीच देऊन टाकले होते.

नॉमिनीवरून होणारा गोंधळही तुम्हीच वाढवता. "खात्याला नॉमिनी तुम्ही, म्हणजे कर्जही तुमच्यावर," असं माझ्या ओळखीतल्या दोघांना सांगितलं गेलं. नॉमिनी म्हणजे ती ठेव ताब्यात घेणारा विश्वस्त. सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या ठेवींबाबत २०१० मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच म्हटलं की नॉमिनी झाल्याने कोणी मालक होत नाही. जो मालकही होत नाही तो कर्जदार कसा होईल? तसंच सिबिलचं. मयताचं कर्ज मुलाच्या सिबिल अहवालात येत नाही, तो सहकर्जदार किंवा जामीनदार असल्याखेरीज. नोकरी लागली की घरासाठी कर्ज घ्यायचं स्वप्न बघणाऱ्या पोराला 'तुझा सिबिल खराब करू' ही धमकी किती लागते, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. आईबाबांचं एक संयुक्त खातं होतं आणि फायनान्स कंपनीच्या हप्त्याची आपोआप कपात त्याच खात्यावर होती. बाबा गेल्यावर मामाने आईच्या खर्चासाठी त्यात पैसे टाकले. त्यातून दोन हप्ते गेले. तिसऱ्या वेळी शिल्लक नव्हती, तर परत आलेल्या हप्त्याचा दंड लागला. मृत्यूचा दाखला हाती आल्याबरोबर ती कपात थांबवणं तुमचं काम आहे. दुःखात असलेल्या बाईने 'मँडेट रद्द करा' असा अर्ज लिहावा ही अपेक्षा ठेवू नका.

घर तारण असलेल्यांसाठी रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला सांगितलंच आहे : पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत, उशीर तुमच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये, आणि कर्जदार मरण पावल्यास वारसांना कागदपत्रं कशी द्यायची ती पद्धत तुमच्या संकेतस्थळावर असली पाहिजे. ती तिथे सापडते का, स्वतः एकदा शोधून बघा. फोनचंही तसंच : १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन नकोत, आणि कर्जदाराच्या घरच्यांच्या खासगी आयुष्यात घुसणं नको, असं बजावलं. पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचा अंमल नाही, त्या सहकार खात्याकडे येतात. पण माणुसकीला खातं लागत नाही, एवढं त्यांना सांगावंसं वाटतं.

घरच्यांनाही इथेच एक सांगते, कारण हे पत्र तेही वाचतील. मयताच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका, त्यांची गाडी परस्पर विकून पैसे वाटून घेऊ नका. मयताच्या मालमत्तेचं काय केलं याचा हिशोब वारसाला देता आला नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२ प्रमाणे तेवढ्या रकमेपुरता त्याच्या स्वतःच्या मिळकतीवर हुकूमनामा बजावता येतो. जे आहे ते वहीत लिहा, पावत्या जपा. आमच्या वहीमुळेच आमचं बोलणं ऐकून घेतलं गेलं.

बाबांच्या त्या कर्जाबद्दल माझ्या मनात राग नाही. वर्कशॉपला नवीन मशीन हवं होतं, त्याआधीच्या पावसाळ्यात कामं कमी आली होती, त्यांनी पर्सनल लोन घेतलं. सोळा हप्ते वेळेवर भरले. सतराव्या हप्त्याच्या आधी त्यांचं हृदय बंद पडलं. कर्ज बुडवणारा माणूस नव्हता तो, आणि त्याच्या घरात शिरताना तुमच्या माणसाने एवढी जाणीव ठेवायला हवी होती.

आता तो कागद. एक पान, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, तुमच्या शाखेच्या शिक्क्यासह. मजकूर असा :

'आपल्या घरच्या व्यक्तीच्या निधनाबद्दल आम्हाला खेद आहे. मृत्यूच्या तारखेला त्यांच्या नावावरची बाकी : ____. तारण : आहे / नाही. सहकर्जदार : ____. जामीनदार : ____. या कर्जावर किंवा त्यांच्या खात्यावर विमा : आहे / नाही. असल्यास दाव्याचा अर्ज सोबत जोडला आहे आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत आम्ही वसुलीसाठी संपर्क करणार नाही. हप्त्याची आपोआप कपात आजपासून बंद केली आहे. वारस म्हणून आपली जबाबदारी मयताच्या मालमत्तेपैकी जे आपल्या हाती आलं तेवढ्यापुरतीच आहे. आपण स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर आपल्या कमाईतून हे कर्ज फेडण्याचं बंधन आपल्यावर नाही. आपण वकिलाचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घेऊ शकता. आज कोणत्याही कागदावर सही करण्याची गरज नाही.'

हा मजकूर जसाच्या तसा छापा किंवा तुमच्या विधी विभागाकडून नीट करून घ्या. माझं नाव नको, परवानगीही नको. फक्त शेवटचं वाक्य गाळू नका.

आपली,
एका मयत कर्जदाराची मुलगी